स्विमिंग पुलाचं पाणी तापवायला हीट पंप की सोलर मॅट?

गुहागरला जानेवारीत दुपारी घाम येतो, पण सकाळी पुलात पाय घालवत नाही. याला थंडीपेक्षा वारा कारण. रात्री जमिनीकडून समुद्राकडे कोरडे मतलई वारे सुटतात आणि पाण्याची वाफ ओढून नेतात. आमचा पूल 8 बाय 4 मीटरचा, साधारण 40 हजार लिटरचा. वाफेने पातळी 2 मिलिमीटर उतरली की जवळजवळ 1 अंश गेलाच समजायचं. म्हणून दोन्हींतलं काहीही घ्या, आधी बुडबुड्यांचं तरंगतं कव्हर घ्या.

मी पहिल्यांदा हीट पंप बसवला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं विजेचं यंत्र. काम चोख. एक युनिट विजेत चार-पाच युनिटांची उष्णता देतो, आणि आपल्या दमट, उबदार हवेत तर छानच चालतो. ऊन असो-नसो, 28 अंश लावलं की 28. पाहुणे येणार असले की दोन दिवस आधी सुरू केला, झालं.

नडलं ते खारं वारं. घरापासून समुद्र तीनेकशे पावलांवर. दुसऱ्याच हिवाळ्यात पंपाच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. बोट फिरवलं तर कड पापडासारखी मोडून हातात आली. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धूत होतो, तरी. आतली, पाणी तापवणारी टायटॅनियमची कॉइल ठणठणीत होती, पण दिवसभर बाहेरची हवा ओढणं हेच ज्याचं काम, त्याला इथलं मीठ कसं चुकणार?

आता गॅरेजच्या स्लॅबवर काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या सोलर मॅट आहेत, दक्षिणेकडे थोडा उतार देऊन. गंजायला धातूच नाही. फिल्टरचाच पंप पाणी वर चढवतो, ते नळ्यांत उन्हाने तापून पुलात परत येतं. मॅटचं क्षेत्रफळ मात्र पुलाच्या निदान निम्मं हवं, जमलं तर पुलाएवढं. ढगाळ दिवशी पाणी तापत नाही, हे खरं. तीननंतर माडांची सावली येते. एकदा वानरांनी उड्या मारून एक रबरी जोड उखडला, तो मीच अर्ध्या तासात बदलला.

तुमचं घर किनाऱ्यापासून चांगलं आत असेल, किंवा वाडीत माडांची दाट सावली असेल, तर कदाचित हीट पंपच बरा. आम्ही दोघं संध्याकाळी साडेसहाला कव्हर ओढतो. सकाळी ते उचललं की खालून वाफ निघते, आणि हात कोपरापर्यंत घातला तरी पाणी कोमटच लागतं.