शेतातल्या हॅम स्टेशनसाठी झिएगू जी९०: मराठवाड्याच्या रानात हा सेट कसा चालतो

रानात हॅम स्टेशन, म्हणजे परवाना घेऊन चालवायचं हौशी रेडिओ केंद्र, टाकायचं म्हटलं की झिएगू जी९० चं नाव हमखास निघतं. २० वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) सेट, वजन पावणेदोन किलोच्या आत, ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारा भाग) आतच बसवलेला, आणि किंमत आयकॉम आयसी-७३०० या १०० वॅटच्या सेटच्या निम्म्याहून कमी. इथे त्याची पारख मराठवाड्यातल्या शेताच्या हिशोबाने केली आहे: काळी जमीन, पत्र्याचं शेड, शेजारी सौर पंप, बांधाने झटका मशीनची तार आणि पाळीपाळीने येणारी थ्री फेज. अशा जागी जी९० विजेच्या आणि अँटेनाच्या बाबतीत फार सोयीचा पडतो. बाहेरून येणारी खरखर दाबण्यात मात्र तो कमी पडतो. खरखर तिच्या मुळाशी जाऊन काढायची तयारी असेल, तर हा सेट बिनधास्त घ्यावा.

सेटवर ०.५ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतं आणि १६० ते १० मीटर तरंगलांबीच्या हॅम बँडवर (हॅमना दिलेल्या फ्रीक्वेन्सी पट्ट्यांवर) प्रसारण करता येतं. ६ मीटर नाही, व्हीएचएफ नाही. तालुक्याच्या गावातल्या हॅमशी दोन मीटरच्या व्हीएचएफ बँडवर बोलायचं तर हँडी (हातात धरायचा छोटा सेट) वेगळा लागेल. स्क्रीन १.८ इंचाची आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना चष्मा लागतो आणि उन्हात ती फिकी दिसते, पण तिच्यावर मधल्या फ्रीक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना २४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा दिसतो, आणि रानातला गोंगाट शोधायला तोच सर्वांत जास्त कामी येतो. २० वॅट आणि १०० वॅट यांत फरक ७ डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापावर) एका आकड्याहून जरासा जास्त. सकाळच्या ४० मीटर बँडवरच्या नेटवर (ठरलेल्या वेळी जमणाऱ्या हॅमच्या बैठकीत) तो फारसा जाणवत नाही. मे-जूनमध्ये वळवाचे ढग जमले आणि संध्याकाळी बँडवर कडकडाट सुरू झाला की जाणवतो. त्या वेळी २० वॅटचा आवाज बुडतो.

विजेचं बोलू. सेट १०.५ ते १६.५ व्होल्टवर चालतो. ही मोकळीक शेतात मोलाची आहे, कारण चार्जिंग चालू असताना ट्यूब्युलर बॅटरी १४.४ च्या वर जाते. नुसतं ऐकताना साधारण अर्धा अँपिअर, पूर्ण ताकदीने प्रसारण करताना ८ अँपिअरपर्यंत. समजा संध्याकाळी चार तास बसलात आणि त्यात बोलणं तासभर झालं. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) बोलताना सरासरी ४ अँपिअर धरा. एकूण खर्च ६ अँपिअर-अवरच्या आसपास येतो. त्याला १२.८ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि १०० वॅटचं एक पॅनेल पुरून उरतं. श्रावणात सलग ढगाळ असलं तरी दोन-तीन दिवस निघतात. आयसी-७३०० ऐकतानाच अँपिअरभर घेतो आणि प्रसारणात २१ अँपिअरपर्यंत जातो. त्याच्यासाठी बॅटरी, पॅनेल आणि वायर सगळंच मोठं करावं लागतं.

वायरीत कंजूषी नको. बॅटरी ते सेट अंतर ३ मीटर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं होतं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ८ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट पडतो, २.५ चौ. मिमी घेतली तर साडेतीन-चार दशांश. बॅटरी उतरलेली असताना हाच फरक आवाज फाटायला पुरेसा होतो. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच लावा. सेटजवळ लावला तर मधली वायर उंदरांनी कुरतडून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

ट्यूनर हा या सेटचा खरा गुण. आडवीतिडवी तारसुद्धा तो जुळवून घेतो. १२.५ मीटरची एक तार, सेटजवळ ९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीवर ५ मीटरची दुसरी तार एवढ्यावर बहुतेक बँड मिळतात. पण अशी तार शेडमधला सगळा कचरा गोळा करते, म्हणून ती एखाद्या दिवसाच्या कामापुरती ठीक. कायमच्या स्टेशनला ४० मीटर बँडचा डायपोल (मध्यात जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार), मध्य उंच आणि टोकं खाली अशा उलट्या व्हीच्या आकारात. ट्यूनरने एसडब्ल्यूआर (अँटेना किती बेमेळ आहे ते सांगणारा आकडा) १, म्हणजे पूर्ण मेळ, दाखवला म्हणून खूशही होऊ नये. बेमेळ अँटेनेकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलमधलं नुकसान तसंच राहतं, सेटला फक्त ते दिसत नाही.

डायपोलचं माप: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे बाजूला १० मीटर आणि वर थोडं. घरगुती प्लास्टिकची १.५ चौ. मिमी वायर वापरणार असाल तर प्रत्येक बाजू १०.३ ठेवून टांगा आणि दोन्हीकडून सारखी, पाच-पाच सेंटिमीटर कापत आणा. प्लास्टिकमुळे तार थोडी आखूड लागते. छाटणीच्या वेळी जी९० चा ट्यूनर बंद ठेवून, ताकद ५ वॅटवर आणून एसडब्ल्यूआर बघा. ट्यूनर चालू राहिला तर माप कधीच कळणार नाही. झटक्याच्या कुंपणाची जस्त चढवलेली लोखंडी तार फुकट पडलेली असते, पण ती अँटेनाला नको. तिच्यात रोध जास्त आणि सांधे गंजतात. त्याच कुंपणाचे इन्सुलेटर मात्र डायपोलच्या टोकांना उत्तम चालतात.

मध्यभागी ९ ते १० मीटर उंची मिळाली की काम झालं. ६ मीटरच्या दीड इंची जीआय पाइपचे दोन तुकडे, खालचा मीटरभर सिमेंटमध्ये, वर तीन दिशांना ताण. या उंचीवरून ४० मीटर बँडचा बराच जोर सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतो, त्यामुळे दिवसा पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद स्वच्छ मिळतात. रात्री तीच जवळची स्टेशनं विरतात आणि लांबची येतात. तेव्हा ८० मीटर बँड हवा. त्याचा डायपोल ४० मीटर लांब होतो. शहरातल्या हॅमला ज्याचं स्वप्न पडतं ती जागा तुमच्या बांधावर आहे, ती वापरा. टोकं लिंबा-बाभळीला बांधली तरी ३ मीटरच्या खाली आणू नका, टोकांवर व्होल्टेज जास्त असतं. ऊस असेल तर फड उभा राहिल्यावर तो तारेला टेकेल हेही आधीच धरा.

उभी अँटेना आणि जमिनीत रेडिअल (बुडापासून चहूकडे पसरलेल्या) तारा हा बेत काळ्या रानात करू नये. ओल असताना काळी माती सुरेख चालते. पण रोटाव्हेटरची एक पाळी सगळ्या रेडिअल उपटते, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगच्या सळईभोवतीची मातीच सुटते. सळई शेडच्या पन्हाळीखाली किंवा हौदाजवळ, जिथे ओल टिकते तिथे ठोका. कोरड्या दिवसांत आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. मुरमाड रानात एक सळई पुरत नाही, दोन-तीन एकमेकींपासून अंतर ठेवून ठोका आणि जोडा.

कोॲक्स ३० मीटर लागत असेल तर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला सुमारे १.२ डेसिबल जातात, म्हणजे २० वॅटचे १५ वर येतात. २८ मेगाहर्ट्झला जवळपास निम्मे जातात. मुळातच २० वॅट आहेत, तेव्हा आरजी-२१३ घ्या. ती ठिबकच्या जुन्या सबमेन पाइपातून जमिनीखालून न्या. उंदीर, खार आणि कुदळ तिघांपासून वाचते. डायपोलच्या मध्याशी ३१ मिश्रणाच्या मोठ्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर कोॲक्सचे १० ते १२ वेढे द्या. पातळ कोॲक्सचा छोटा तुकडा त्यासाठी सोपा जातो. हा चोक, म्हणजे वेढ्यांचा अडसर, नसेल तर शेडमधली खरखर कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चढून अँटेनात जाते, आणि दोष मग सेटला लागतो.

आता खरखर. गावकुसाबाहेर बँड शांत असतो हा समज मराठवाड्यात आता खरा राहिलेला नाही. सौर पंपाचा कंट्रोलर पॅनेलच्या डीसीचे तुकडे करून मोटार चालवतो, आणि पंपापर्यंतची केबल त्या तुकड्यांचं प्रसारण करते. जी९० च्या पट्ट्यावर ठराविक अंतरावर उभे राहिलेले, हळूहळू सरकणारे उंचवटे दिसले की तो कंट्रोलर समजा. ऊन चढलं की येतात, सूर्य मावळला की जातात. नेमकी सकाळच्या नेटची वेळ आणि पंप धरायची वेळ एकच असते. उपाय आधी अंतराचा: अँटेना पंपापासून निदान ६० मीटर, आणि डायपोलची टोकं पंपाच्या केबलकडे येणार नाहीत अशी. मग केबल: मोटारीच्या तिन्ही वायरी एकत्र पिळलेल्या, जीआय पाइपातून, आणि पाइप अर्थ केलेला. कंट्रोलर हमीच्या काळात उघडू नका. बाहेरून केबलवर फेराइट चढवता येतं. स्वतःचा चार्ज कंट्रोलरही तपासा, स्वस्त एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे) कंट्रोलर त्याच जातीचा गोंगाट करतात. पॅनेलची वायर काढली आणि बँड शांत झाला, तर चोर घरातलाच आहे.

रानडुकरं आणि रोहींसाठी लावलेली झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. सुस्थितीतल्या कुंपणाचा ठोका बारीक असतो. गवत तारेला टेकलं, इन्सुलेटरला चीर गेली किंवा तारेचा नुसता पीळ मारलेला सांधा सैल झाला की तिथे ठिणगी पडते आणि १६० पासून १० मीटरपर्यंत सगळीकडे टक-टक ऐकू येते. जी९० मध्ये नॉइज ब्लँकर (ठोक्यांची खरखर कापणारी सोय) आहे, पण तो अशा जोरदार ठोक्यापुढे टिकत नाही. जास्त चढवला की शेजारच्या मोठ्या स्टेशनचा आवाजही फाटतो. याच जागी आयसी-७३०० उघड सरस आहे. जी९० वाल्याने अंधार पडल्यावर कुंपणाने एक फेरी मारावी. ठिणग्या डोळ्यांनी दिसतात, आणि हातातला साधा मीडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून चाललं तरी त्या सापडतात. गवत कापा, सांध्यांना क्लँप लावा, फुटके इन्सुलेटर बदला. शेजाऱ्याचं कुंपण असेल तरी तो ऐकतो, कारण ठिणगी म्हणजे त्याचाही झटका कमी होणं. ११ केव्हीच्या लाइनीवरचा फुटका इन्सुलेटर असेल तर सतत करकर येते, पावसाच्या सरीनंतर ती बदलते. खांबाचा नंबर लिहून महावितरणला अर्ज द्या. खांबाला हातही लावू नका.

त्याच लाइनीपासून मास्ट (अँटेनाचा खांब) त्याच्या उंचीच्या दीडपट तरी लांब हवा, पडला तरी तार लाइनीवर जाणार नाही असा. यात तडजोड नाही, माणसं मरतात. वळवात वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे. कोॲक्स शेडमध्ये शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा जादा दाब जमिनीत सोडणारा) अर्थला जोडा, आणि काम संपल्यावर कोॲक्स काढून शेडच्या बाहेर टाका. जी९० च्या इनपुटचं नुसत्या अरेस्टरवर भागत नाही. ताणाच्या तारांना माणसाच्या उंचीपर्यंत रंगीत चिंध्या बांधा, बैलाला आणि ट्रॅक्टरवाल्याला दिसतील अशा.

उष्णतेचं एक. सेटला पंखा नाही. मे महिन्यात पत्र्याखाली एसएसबीचं बोलणं तो सहन करतो. एफटी८ मध्ये (कॉम्प्युटरने छोटे निरोप पाठवण्याच्या पद्धतीत) १५ सेकंदांच्या पाळीत जवळपास १३ सेकंद सलग पूर्ण ताकद लागते, तिथे १० वॅटच्या वर जाऊ नका आणि मागच्या फिन्सवर १२ व्होल्टचा ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा बांधा. पुढचा भाग सुटा होत असल्यामुळे मुख्य डबा गार जागी ठेवून फक्त तोंड टेबलावर घेता येतं, ही सोय उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. फर्मवेअर चढवताना पुढचा भाग आणि मुख्य डबा या दोघांचं वेगवेगळं चढवावं लागतं. एकच चढवून सोडलं तर सेट विचित्र वागतो आणि लोक तो बिघडला समजतात.

परवान्याशिवाय हा सेट घेऊ नये. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे सरल संचार पोर्टलवरून अर्ज जातो, वयाची अट किमान १२ वर्षं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरल ग्रेडला लागतं. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. राहतं घर लातूर किंवा परभणीत आणि शेत गावाकडे असेल, तर अर्जातच शेताच्या जागेचा विचार करा, गट नंबरासकट. आणि आपल्याकडे ४० मीटर बँडची हद्द ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे हे ध्यानात ठेवा.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले होते. टॉवर बंद पडल्यावरही चालेल असं स्टेशन हवं असेल तर बॅटरीवर चालणारा हलका सेटच लागतो, आणि तिथे जी९० आयसी-७३०० च्या पुढे आहे. ज्यांच्या रानाला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची झटक्याची कुंपणं आहेत आणि मास्ट हलवायला जागा नाही, त्यांनी मात्र थोडं थांबून, पैसे साठवून आयसी-७३०० च घ्यावा.