एकही मोठा घाट नाही, तरी बारा हजार मीटरचा चढ : पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस मार्गाचे परीक्षण

पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांतून दरवर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, होतात, त्यांना मान्यता देणारी ‘ओदाक्स क्लब पारिझिएँ’ ही फ्रेंच संस्था दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही पॅरिसजवळून ब्रेस्ट या बंदराच्या शहरापर्यंत जाऊन परत येण्याची सायकलफेरी भरवते. त्या वर्षी ही चारही अंतरे ठरलेल्या वेळेत पूर्ण केलेल्यांनाच तिथे प्रवेश मिळतो, त्यामुळे सह्याद्रीत तयार झालेल्या सायकलस्वारांसाठी हा मार्ग म्हणजे दूरदेशीचे कुतूहल नसून त्यांच्या छंदाचे मूळ आहे. २०२३ च्या विसाव्या आवृत्तीत मी हा मार्ग पूर्ण केला. पुढची खेप २०२७ मध्ये आहे आणि तिची तयारी करणाऱ्यांना मार्ग नेमका कसा आहे हे आधीच कळावे, यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

१८९१ साली एका फ्रेंच वृत्तपत्राने भरवलेली ही मुळात शर्यत होती. शार्ल तेरों याने ती ७२ तासांच्या आत जिंकली होती. आज तिथे शर्यत होत नाही. २०२३ चा मार्ग १२१९ किलोमीटरचा होता आणि जास्तीत जास्त ९० तासांची मुदत होती. सरासरी काढली तर ताशी साडेतेरा किलोमीटर येते, आणि हा आकडा अनेकांना फसवतो, कारण त्याच ९० तासांत जेवण, झोप, रांगा आणि पंक्चर हे सगळे बसवायचे असते.

मार्गाचा खरा स्वभाव त्याच्या चढांत आहे. एकूण चढाई सुमारे बारा हजार मीटरची आहे, म्हणजे दर शंभर किलोमीटरला साधारण हजार मीटर. तरीही संपूर्ण मार्गावर पसरणी किंवा आंबेनळीसारखा लांबलचक घाट एकही नाही. सर्वांत उंच भाग फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या मों दारे टेकड्यांमधल्या रॉक त्रेवेझेलजवळ आहे आणि त्या शिखराची उंचीसुद्धा चारशे मीटरच्या आत आहे. आपल्याकडचा घाट एकदा चढला की माथ्यावर सपाटी मिळते, श्वास बसतो आणि मग उतार येतो. इथे मात्र रस्ता एका ओढ्यापाशी उतरतो, दगडी पुलावरून पलीकडे जातो, लगेच गावातल्या चर्चपर्यंत चढतो आणि गाव संपताच पुन्हा पुढच्या ओढ्याकडे उतरतो, आणि हा क्रम शेकडो किलोमीटर चालू राहतो. एकाही चढाची भीती वाटत नाही, पण तिसऱ्या दिवशी मांड्यांना यांतल्या प्रत्येक चढाचा हिशेब द्यावा लागतो. माझ्या मते आपल्याकडच्या तयारीतली सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. आपण एक मोठा घाट सावकाश चढण्याचा सराव करतो, तर या मार्गावर दर काही मिनिटांनी गिअर बदलत, लय मोडू न देता, जोर राखून चालवण्याचा सराव लागतो.

सुरुवात पॅरिसच्या नैर्ऋत्येकडील रांबुये इथून होते. ९० तासांच्या मुदतीचे बहुतेक सायकलस्वार रविवारी संध्याकाळी निघत असल्याने पहिली संपूर्ण रात्र सायकलवरच जाते. पहिला टप्पा गव्हाच्या मोकळ्या शेतांमधून सपाट जातो आणि तिथे मोठ्या घोळक्यांमागे वाहत जाण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मोर्तान्य या गावाच्या आधीच पेर्श प्रदेशातल्या टेकड्या सुरू होतात. अंधारात पुढच्या चढाची लांबी समजते ती फक्त समोरच्या लाल दिव्यांच्या ओळीवरून. ऑगस्टमध्ये तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि त्या उजेडात झुडपांच्या दाट कुंपणांनी वेगळी केलेली लहान लहान कुरणे, त्यांतली गुरे आणि दगडी घरांची गावे पहिल्यांदा नीट दिसतात. व्हिलेन-ला-ज्युएल, फुजेर, तँतेनियाक, लुदेआक, कारे आणि ब्रेस्ट असा पुढचा क्रम आहे. फुजेरचा मध्ययुगीन किल्ला वेळेच्या घाईत ओलांडून जावा लागतो, याची हळहळ वाटते. लुदेआक आणि कारे यांच्यामधला भाग मला सर्वांत कठीण वाटला. तिथले चढ आखूड आणि तीव्र आहेत, रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, आणि बहुतेकांच्या वाट्याला तो दुसऱ्या रात्रीच्या झोपेच्या भरात येतो.

रस्त्यांवर खड्डे जवळजवळ नाहीत, मात्र लहान रस्त्यांचा पृष्ठभाग बारीक खडीचा आणि खरखरीत असल्याने हाताच्या तळव्यांना सतत कंप जाणवतो. २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर आणि त्यांत थोडी कमी हवा हे मला योग्य वाटते. मोटारचालकांचे वागणे हा या मार्गाचा फार मोठा गुण आहे. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा तिथे नियम आहे, आणि वळणावर पुढचे दिसत नसेल तर चालक शांतपणे मागे थांबतो. आपल्या महामार्गांवर कडेच्या पांढऱ्या पट्टीला चिकटून चालवण्याची सवय लागलेल्या माणसाला हा दिलासा किती मोठा असतो, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. हवामानाचा भरवसा मात्र धरू नये. अटलांटिककडून येणारा पश्चिमेचा वारा जाताना छातीवर बसतो, आणि दुपारी कडक ऊन असले तरी दऱ्यांमध्ये पहाटेचा पारा एकअंकी होऊ शकतो. पुण्याच्या हिवाळ्याचा अंदाज तिथे पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा लोकरी थर, पावसाचे जाकीट आणि बोटे झाकणारे हातमोजे जवळ असावेत.

कंट्रोल, म्हणजे मार्गावरचे नोंदणीचे थांबे, बहुधा शाळांमध्ये किंवा क्रीडागृहांमध्ये असतात आणि ते गावातले स्वयंसेवक चालवतात. व्यवस्था चांगली आहे. कार्डावर शिक्का मिळतो, पाणी मिळते, सायकल दुरुस्त करणारा असतो, आणि काही ठिकाणी झोपण्यासाठी खाटा असतात, जिथे उठवण्याची वेळ सांगून ठेवली की स्वयंसेवक त्या वेळी हलकेच जागे करतात. पण सहा हजारांहून अधिक सायकलस्वारांची गर्दी ठरावीक तासांत एकाच कंट्रोलवर येते, तेव्हा रांग अटळ असते. त्यामुळे लुदेआकसारख्या गर्दीच्या जागी झोपण्याचा बेत करण्यापेक्षा एखादे कंट्रोल अलीकडे किंवा पलीकडे झोपणे शहाणपणाचे आहे. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण निवड तोकडी असते : पास्ता, बटाट्याचा मऊ लगदा, भाज्यांचे सूप, पाव, चीज, केळी आणि दुधात शिजवलेला गोड भात. पास्त्यावरच्या रस्स्यात मांस असू शकते, त्यामुळे वाढून घेण्यापूर्वी विचारावे. तिखटाची सवय असलेल्यांनी चटणीची लहान पुडी खिशात ठेवली तर तिसऱ्या दिवशी तिचे मोल कळेल.

खाण्याची खरी श्रीमंती कंट्रोलबाहेर आहे. मध्यरात्री, कोणत्याही गावाच्या वळणावर, घरापुढे टेबल मांडून कुटुंबे बसलेली असतात. कॉफी, केक, पाणी, ब्रिटनीत शिरल्यावर ताजे क्रेप (पातळ धिरडी), असे सगळे येणाऱ्या प्रत्येकाला देतात आणि पैसे पुढे केले तर नाकारतात. काही जणांची एवढीच अपेक्षा असते की घरी पोहोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवावे. व्हिलेनमध्ये तर सगळे गावच रस्त्यावर उतरते आणि थकलेल्या सायकलस्वारांचे जेवणाचे ताट उचलून टेबलापर्यंत नेण्यासाठी मुले पुढे येतात. चार-चार पिढ्यांनी जपलेला हा आदर पैशाने विकत मिळणारा नाही. जगात याहून सुंदर डोंगररस्ते पुष्कळ आहेत, पण या एका गोष्टीसाठी मी हा मार्ग त्या सर्वांच्या वर ठेवतो.

ब्रेस्टजवळ खाडीवरच्या आल्बेर-लुप पुलावरून जाताना समुद्राचा वारा तोंडावर येतो. हा जुना पूल मोटारींसाठी बंद असल्याने तिथे निवांत थांबता येते. परतीचा मार्ग बराचसा तोच असला तरी उतारांचे चढ झालेले असतात, आणि पेर्शच्या टेकड्या दुसऱ्यांदा लागतात तेव्हा त्या पहिल्या रात्रीपेक्षा उंच वाटतात. द्र्यो या शेवटच्या कंट्रोलपर्यंत रस्ता पुन्हा सोपा होतो. मात्र झोपेने डोळे मिटण्याचा धोका याच सपाटीवर सर्वाधिक असतो, म्हणून गरज वाटल्यास तिथेच पंधरा-वीस मिनिटे पडून घ्यावे.

खर्च मोठा आहे. विमान, सायकलची पेटी, रांबुयेच्या आसपासची खोली आणि व्हिसा मिळून नोंदणी शुल्काच्या कितीतरी पट रक्कम जाते, आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. ज्यांनी ६०० ची ब्रेव्हे चाळीस तासांची मुदत संपता संपता कशीबशी पूर्ण केली असेल, त्यांनी आधी एखादी हजार किलोमीटरची ब्रेव्हे करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांच्या हाती त्या ६०० मध्ये तीन-चार तास शिल्लक राहत असतील, त्यांनी २०२७ साठी आतापासून दर आठवड्याला एखादा आखूड चढ-उतारांचा रस्ता धरावा आणि सायकलला मागे निदान ३२ दातांची चकती बसवून घ्यावी.