जर्सीवर नाव मारायचंय? आधी सांगा कुठला मार्टिनेझ

जर्सीवर नाव-नंबर टाकायचा असेल तर मंगळवार पेठेतल्या त्या छोट्या गाळ्यात जावा, बोर्ड धड दिसत नाही पण काम म्हणजे विषय हार्ड. पुतण्याला अर्जेंटिनाची जर्सी पाहिजे होती, आणि आख्खं कोल्हापूर मेस्सी घालून फिरतंय म्हणून गडी मार्टिनेझवर अडून बसला. आधी एका दुसऱ्या दुकानात गेलो तर ते काही न विचारता २२ नंबर चिकटवायला निघालेले. हितल्या काकांचा पहिलाच प्रश्न, "कुठला मार्टिनेझ?" कारण २०२२ चा वर्ल्डकप जिंकलेल्या टीममध्ये तीन होते, गोलकीपर एमिलियानो २३, लाउतारो २२ आणि डिफेंडर लिसांद्रो २५. तिघं एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पुतण्या त्यांना सख्खे भाऊ समजत होता!

मग मशीन गरम होईपर्यंत काका सुटले. मार्टिनेझ म्हणजे मार्टिनचा पोरगा, तसाच रॉड्रिगोचा रॉड्रिगेझ, फर्नांडोचा फर्नांडेझ. आपण मधे बापाचं नाव लावतो ना तसंच, फक्त त्यांच्याकडं जुन्या काळात ते पिढीगणिक बदलायचं थांबलं आणि घराण्याला कायमचं चिकटलं, आता मार्टिन नावाचे बाप गावोगावी, मग नात्यागोत्याशिवाय हजारो घरं मार्टिनेझ झाली की. मार्टिन हे नाव मुळात रोमन लोकांच्या युद्धदेवावरनं, मार्स, आणि पुढं संत मार्टिनमुळं लई चाललं. स्पेनमध्ये आज गार्सिया, रॉड्रिगेझ, गोन्झालेझ, फर्नांडेझ, लोपेझ आणि मग मार्टिनेझ, म्हणजे सहावा नंबर, आठ लाखांच्या वर माणसं. स्पॅनिश लोकांनी जिथं जिथं राज्य केलं तिथं आडनावही पोचलं, आणि अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत तर ते दहाव्या नंबरला, दहा लाखांच्या वर! गोव्यातले फर्नांडिस-रॉड्रिग्ज मात्र पोर्तुगीज वळणाचे, त्यांच्यात शेवटी झेड नाही, एस येतो.

आता प्रिंटिंगचं. स्पॅनिशमध्ये या नावात आय वर छोटी तिरकी रेघ असते, बाकीचे सरळ गाळतात. काकांनी ती व्हिनाइलमधनं वेगळी कापली, नखाएवढा तुकडा, चिमट्यानं उचलून बसवला, वर बटर पेपर टाकून प्रेस मारली आणि गार झाल्यावरच फिल्म ओढली. कडा कुठं उचलल्या नाहीत, अक्षरांत अंतर पण सारखं. घरी मशीनला धुतली, काही झालं नाही, उलटी करून धुवा एवढंच.

जर्सी मात्र त्यांच्याकडची घेऊ नका, कापड पातळ आहे आणि गळा ढिला पडतो, बाहेरनं आणून द्या. यूपीआय चालतं. गाडी लावायला जागा नाही, आणि तालमींच्या (म्हणजे इथल्या पेठांच्या टीमच्या) फुटबॉल मॅचेस चालू असल्या की आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीतर काका हात जोडतात.