युरो-पाउंड, युरो-फ्रँकचे जुने दर : ईसीबीची फुकट सेवा कितपत कामाची?

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या ज्या कारखान्यांत स्वित्झर्लंडहून मशिनचे सुटे भाग येतात आणि बिल युरोत फाटतं, त्यांच्या करारात बरेचदा एक कलम असतं : ऑर्डरच्या तारखेपासून माल निघेपर्यंत युरो-फ्रँकचा दर अमुक टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर भाव नव्याने ठरेल. भांडण होतं ते ‘दर कुणाचा धरायचा’ यावरून. गूगलचा आकडा वेगळा, बँकेच्या स्लिपवरचा वेगळा, सप्लायरने मेलमध्ये टाकलेला आणखी तिसराच. अशा वेळी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे ईसीबीचे संदर्भ दर दोन्ही बाजूंना सहसा मान्य होतात. नोंदणी नाही, पैसे नाहीत, थेट डाउनलोड. मात्र हा दर नेमका कसला आहे ते समजून न घेता वापरला तर घोळ ठरलेला.

४ जानेवारी १९९९ पासून कामकाजाच्या प्रत्येक दिवसाचा एकच दर इथे मिळतो, तोही ‘एका युरोला इतके पाउंड, इतके फ्रँक’ याच दिशेने. दर घेतला जातो फ्रँकफर्टच्या वेळेनुसार दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि जाहीर होतो चारच्या आसपास. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. त्यामुळे ऑफिस सुटण्याआधी फाइल उघडली तर सगळ्यात वरची ओळ आदल्या कामकाजाच्या दिवसाची असते. आजचा दर म्हणून तीच उचलणं ही नेहमीची चूक.

दिवसाला एकच क्षण, याचा अर्थ काय ते १५ जानेवारी २०१५ च्या ओळीत दिसतं. स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक अशी मर्यादा धरून ठेवली होती, ती त्या दिवशी सकाळी काही सूचना न देता काढून टाकली. थोड्याच वेळात युरो १ फ्रँकच्याही खाली गेला आणि मग काही अंशी सावरला. फाइलमध्ये मात्र १४ तारखेला १.२० च्या किंचित वर आणि १५ ला १.०३ च्या आसपास, एवढंच. सकाळचा तळ कुठेच नाही. ज्याचा सौदा सकाळी झाला त्याच्या स्लिपशी हा आकडा जुळणार नाही, आणि त्यात बँकेने लुबाडलं असं समजायचं कारण नाही. हे दर माहितीपुरते आहेत, व्यवहारासाठी वापरू नका, असं ईसीबी स्वतःच बजावते. करारातल्या कलमात ‘ईसीबीचा त्या तारखेचा संदर्भ दर, सुट्टी असल्यास आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा’ इतकं स्पष्ट लिहा.

सुट्ट्यांचा हिशेबही आपल्याला परका आहे. शनिवार-रविवार सोडून १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर या दिवसांची ओळच नसते. १५ ऑगस्ट कामकाजाच्या वारी आला की दर असतो, बँक बंद असते ती इथली.

संपूर्ण इतिहासाची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी आकड्यांची फाइल, झिप करून मिळते. साडेसहा हजारांहून जास्त ओळी, नवी तारीख वर. नेमका इथेच एक्सेलमध्ये घोटाळा होतो : व्ही-लुकअप या शोधसूत्राला जवळची तारीख शोधायला लावायची तर तारखा चढत्या क्रमाने लागतात, म्हणून आधी सॉर्ट करा. नव्या एक्सेलमध्ये एक्स-लुकअप या सूत्राला जुळणीचा प्रकार उणे एक दिला की क्रम न बदलता सुट्टीच्या तारखेला आधीचा दर मिळतो. रिकाम्या जागी ‘एन/ए’ हा मजकूर असतो, त्यावर गुणाकार-भागाकार केला की एरर येते. क्रोएशियाचं कुना २०२३ पासून तसं आहे, रूबल मार्च २०२२ पासून. आइसलँडच्या क्रोनाला तर २००८ च्या डिसेंबरपासून फेब्रुवारी २०१८ पर्यंत भलंमोठं भगदाड आहे. जुनी आणि नवी तुर्की लिरा वेगवेगळ्या कॉलममध्ये आहेत. २००५ मध्ये सहा शून्यं उडाली, तेव्हा दोन्ही जोडून आलेख काढू नका.

पाउंड-फ्रँक थेट मिळत नाही, काढावा लागतो : युरोमागचे फ्रँक भागिले युरोमागचे पाउंड. ०.९५ फ्रँक आणि ०.८५ पाउंड असतील तर पाउंडला १.११७६ फ्रँक. सरासरी काढताना जास्त जपा. दोन दिवसांचे दर ०.८० आणि ०.९० असतील तर सरासरी ०.८५, आणि ती उलटी केली की पाउंडला १.१७६५ युरो. पण दोन्ही दिवसांचे दर आधी उलटे करून सरासरी काढली तर १.१८०६ येते. मोठ्या बिलावर हा फरक जाणवतो, म्हणून आधी काय करायचं तेही कलमात हवं. ईसीबीच्या डेटा पोर्टलवर महिन्याची तयार मालिका मिळते. नावाच्या शेवटी ‘ए’ असेल तर ती सरासरी, ‘ई’ असेल तर महिनाअखेरचा दर. अक्षर न पाहता उतरवून घेणारे बरेच.

भारतातल्या कागदपत्रांसाठी ही सेवा नाही. बिल ऑफ एंट्रीला, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदाला, कस्टमचा जाहीर दर लागतो. परदेशी उत्पन्न रुपयांत मोजायच्या, १९६२ च्या आयकर नियमांतल्या नियम ११५ ला स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर. भारतातले संदर्भ दर काढणाऱ्या एफबीआयएल या संस्थेच्या रुपयाच्या दरांवरून युरो-पाउंड काढता येतो, पण ते दर आपल्या दुपारी दीडच्या सुमारास येतात, तेव्हा फ्रँकफर्टमध्ये सकाळ असते. ईसीबीशी तो जुळत नाही म्हणून फाइल परत पाठवणं व्यर्थ.

१९९९ च्या आधीचं हवं असेल तर ईसीबीची फाइल रिकामी. १६ सप्टेंबर १९९२ ला पाउंड जर्मन मार्कसमोर युरोपीय विनिमय व्यवस्थेतली २.७७८ ची किमान मर्यादा सोडून कसा घसरला ते बघायचं तर बुंडेसबँकेच्या (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या) किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या मालिका उघडा. बँक ऑफ इंग्लंडचा दर लंडनच्या दुपारी चारचा असतो, तेव्हा ईसीबीच्या आकड्यांना तो सरळ जोडू नका. मार्कचे इटालियन लिरा करायचे असतील तर युरोपीय संघाच्या नियमाने युरोमार्गेच, कायमच्या ठरवलेल्या दरांनी जायचं : १००० मार्क भागिले १.९५५८३ (एका युरोचे मार्क), म्हणजे ५११.२९२ युरो. मधला आकडा किमान तीन दशांशांपर्यंत ठेवायचा आणि मग गुणिले १९३६.२७ (एका युरोचे लिरा). येतात ९,८९,९९९ लिरा.