स्पूल मशीन घेताय? आधी स्विच ‘टेप’वर टाकायला सांगा

परवा रात्री तोच व्हिडिओ पुन्हा एका जाहिरातीत दिसला. तेच टेबल, मागे तोच निळा पडदा, तेच स्पूल मशीन, म्हणजे उघड्या रिळांचा टेप रेकॉर्डर, तीच फिरणारी दोन स्पूल आणि खाली लिहिलेलं: “हाफ-ट्रॅक, पूर्ण सर्व्हिस केलेलं, मास्टरसाठी उत्तम.” (हाफ-ट्रॅक म्हणजे टेपच्या रुंदीवर दोनच रुंद माग; मास्टर म्हणजे तयार रेकॉर्डिंगची अंतिम प्रत.) याच व्हिडिओवर विश्वास ठेवून गेल्या वर्षी माझे ९२ हजार रुपये गेले. आणखी कुणाचे जाण्याआधी हे लिहून टाकतोय.

माझा स्टुडिओ म्हणजे साताऱ्यातल्या घराची वरची खोली. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, कधी एखाद्या गायकाचे अभंग, अशी कामं येतात. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग कॉम्प्युटरवरच होतं. पण तयार स्टिरिओ मिक्स शेवटी कशावर उतरवायचं, हा विचार बरेच दिवस डोक्यात होता. एका मंडळाच्या कामात पंधरा टाळ एकदम वाजत होते आणि त्यांची धार काही केल्या बोथट होईना. टेपवर थोडी पातळी चढवून उतरवलं की असे टोकदार आघात गोलावतात, हे मी एका जुन्या रेकॉर्डिस्टकडे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बाकीचे पर्यायही पाहिले होते. डॅट (छोट्या कॅसेटवरची डिजिटल टेप) बाद केलं, कारण सोनीने त्यांची शेवटची डॅट यंत्रं २००५ मध्येच बंद केली, फिरत्या हेडचे (टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचे) सुटे भाग मिळत नाहीत आणि मुळात ते १६ बिटच. अ‍ॅलेसिसचं मास्टरलिंक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ घेतं, पण त्यातली हार्ड डिस्क आता वीस वर्षांची म्हातारी. टास्कमचं डीए-३००० चांगलं, कार्डवर थेट डीएसडी (एक-बिटी उच्च दर्जाचा डिजिटल आवाज) सुद्धा उतरवतं. मात्र ते जे येईल ते जसंच्या तसं लिहितं आणि मला तर टेपचा रंग हवा होता. म्हणून रेवॉक्स बी७७ हे स्पूल मशीन शोधायला लागलो. १९७७ चं मॉडेल, इरेज, रेकॉर्ड आणि प्लेबॅक अशी तीन वेगळी हेड, साडेदहा इंची स्पूल. सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाचं मिळालं तर उत्तम, पण हाफ-ट्रॅक असेल तर १९ वरही माझं काम झालं असतं.

विकणारा फोनवर फार अदबीने बोलला. “सर, एका मोठ्या स्टुडिओतून निघालेलं मशीन आहे, लोण्यासारखं चालतंय. तुम्ही रेकॉर्डिस्ट माणूस, तुम्हाला काय सांगायचं!” मग तो व्हिडिओ पाठवला. बासरी वाजतेय, दोन्ही मीटर डोलतायत, स्पूल फिरतायत. आवाज इतका स्वच्छ की मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला. २० हजार आगाऊ दिले, उरलेले ७२ हजार माल ट्रान्स्पोर्टला लागल्याच्या पावतीवर. वर “नव्या” दोन टेप भेट.

मशीन आलं, चालू झालं, स्पूल फिरली. एक हार्मोनियमचा तुकडा रेकॉर्ड करून परत वाजवला तर उजवीकडून नुसती खरखर. डावीकडे सूर होता, पण तो लांबवलेला षड्ज चक्क डुलत होता. हार्मोनियमचा सूर स्थिर असतो, त्यामुळे टेपचा वेग जरा हलला तरी लपत नाही. तानपुरा किंवा हार्मोनियमचा एक लांब सूर म्हणूनच अशा मशीनची सर्वांत कडक परीक्षा आहे. त्या दोन “नव्या” टेपांनी हेडवर तपकिरी चिकटा सोडला. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा लेप दमट हवेत ओल धरून असा सुटतो.

मशीन मुंबईतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे नेलं. काकांनी हेडचं झाकण काढलं आणि काही न वाजवताच म्हणाले, “हे हाफ-ट्रॅक नाहीच, पोरा.” भिंगातून दाखवलं. हाफ-ट्रॅक हेडवर दोन रुंद चौकोन दिसतात, एक वर, एक खाली, सारखे. इथे एक अरुंद पट्टी अगदी वरच्या कडेला, दुसरी मध्याच्या खाली आणि तळ रिकामा. म्हणजे क्वार्टर-ट्रॅक, टेप उलटून दोन्ही बाजूंनी ऐकायला केलेलं घरगुती रूप. साधारण दोन मिलिमीटरऐवजी एक मिलिमीटरचा माग मिळतो, आणि रुंदी निम्मी झाली की सुरांच्या तुलनेत टेपची सळसळ सुमारे ३ डेसिबलने वाढते. शिवाय हेडवर नख अडकेल एवढा खड्डा, रबरी रोलर दगडासारखा आणि प्लेबॅक हेडची उजवी वायंडिंग (तारेचं वेटोळं) तुटलेली.

मग व्हिडिओत दोन्ही बाजूंनी आवाज कसा आला? काकांनी माझ्या मोबाइलवर तो बघितला आणि एका स्विचवर बोट ठेवलं. तो ‘इनपुट’वर होता. म्हणजे ऐकू येत होती ती बासरी मोबाइलवरून मशीनमध्ये जाऊन तशीच बाहेर पडत होती. टेप नुसती समोरून धावत होती. व्हिडिओभर त्याने ‘स्टॉप’ एकदाही दाबलं नव्हतं. दाबलं असतं तरी बासरी वाजतच राहिली असती. इतकी वर्षं हे काम करून मी तो स्विच पाहिला नाही, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त झालं.

तेव्हा कृपा करून, स्पूल मशीन घेताना समोर बसा. स्वतःची टेप न्या, तिच्यावर रेकॉर्ड करायला लावा आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच स्विच ‘इनपुट’वरून ‘टेप’वर टाका. आवाज अंशभर मागे पडला पाहिजे, कारण टेपला एका हेडपासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि थोडी सळसळ वाढली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर तुम्ही टेप ऐकतच नाही आहात. नंतर रिवाइंड करून डावं आणि उजवं वेगवेगळं ऐका. झाकण काढून हेडचा जवळून फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडे जाऊच नका. हे सगळं होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, माणूस कितीही गोड बोलला तरी.

विकणाऱ्याने दोनदा फोन उचलला. “तुमच्याकडे हाताळताना बिघडलं असेल,” म्हणाला आणि मग नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. हा क्रमांक पहिल्या काही तासांत लावला तरच खात्यातले पैसे थांबवता येण्याची आशा असते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. व्हिडिओ, पावती, काकांनी काढलेले हेडचे फोटो, सगळं जोडलंय. माल हातात पडला असल्याने हा दिवाणी मामला आहे असं तिथे आधी सांगितलं. “हाफ-ट्रॅक” लिहिलेला संदेश दाखवल्यावर मात्र अर्ज घेतला. नवी जाहिरात काल त्याच अर्जाला जोडून आलो.

त्या मंडळाचं मिक्स २४ बिटमध्ये कॉम्प्युटरवरच उतरवलं. टाळांचे माइक सहा फूट मागे घेऊन सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. बुवांना फोन करून कारण सांगितलं, तर रविवारी सकाळी पंधराही टाळकरी दारात हजर होते.