गणपती पेठेतलं ट्रॉफीचं दुकान, आणि आमच्या लाइटवाल्यांची बक्षिसं

सांगलीत ट्रॉफी चांगल्या कुठं करून मिळतात असं मी ऑक्टोबरात दोन-तीन ग्रुपवर विचारलं होतं आणि सगळीकडनं एकच उत्तर आलं, काचेचा चौकोन घ्या नाहीतर तो सोनेरी प्लास्टिकचा कप घ्या, दोन-तीनशे रुपयात काम होतंय. आता आमचा कार्यक्रम झाला, बक्षिसं वाटून झाली, ज्याची त्याच्या घरी पोचली, म्हणून नीट बसून लिहितोय, पुढं कुणाला करायच्या असतील तर उपयोग होईल.

दुकान गणपती पेठेच्या मागच्या बोळात आहे. वेगळी पाटी नाही, शटरवरच ट्रॉफी, मेडल, शिल्ड असं रंगवलंय. चारचाकी आत जात नाही, बाहेर लावून चालत जावं लागतं. काका आणि त्यांचा मुलगा असे दोघंच बसतात, आत लेसरचं मशीन, भिंतभर क्रिकेट आणि कबड्डीचे कप.

आधी आमचं काय होतं ते सांगतो, नाहीतर मी एवढं कौतुक का करतोय ते कळायचं नाही. आम्ही सांगली-मिरजेतली पंधरा-वीस जण मालिकांच्या सेटवर काम करतो. सातारा-वाईकडं शूटिंग लागलं की तिकडं, नसलं की इकडं लग्नाच्या ऑर्डरी, नाटकाचे लाइट, जे येईल ते. कुणी लाइटला आहे, कुणी फोकस पुलर (शॉट चालू असताना कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), एकजण बूम म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरतो, एक ताई हेअर करतात, आणि एक ड्रेसवाल्या मावशी आहेत ज्यांनी आजवर किती नऊवाऱ्या नेसवल्या असतील त्याचा हिशोब त्यांच्याकडंच नाही. मालिका गाजली की कलाकारांचे गावोगावी सत्कार होतात, व्हायलाच पाहिजेत, पण आमच्यातल्या एकाच्याही घरात शोकेसमध्ये ठेवायला काही नव्हतं.

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही सहाजण वाईला लॉजवर होतो, १५ तारखेला पहाटे साडेपाचला उठून मोबाईलवर एमी अवॉर्ड, म्हणजे अमेरिकेतली टीव्हीची मोठी बक्षिसं, बघितले, तिकडं लॉस एंजेलिसला १४ ची संध्याकाळ. आमचा सगळा जीव अडोलेसन्स या ब्रिटिश मालिकेत होता, कारण तिचे चारही भाग प्रत्येकी एका सलग शॉटमध्ये घेतलेत, कुठंही कट नाही, आणि दुसऱ्या भागात शेवटी चालू कॅमेरा ड्रोनला लावून वर नेलाय, आमच्या फोकस पुलरने तो भाग चारवेळा बघितला असेल. त्यातल्या पोराला, ओवेन कूपरला, पंधराव्या वर्षी बक्षीस मिळालं तेव्हा खोलीत आरडाओरडा झाला. पण त्याच मालिकेच्या कॅमेरामनचं बक्षीस आम्हाला त्या पहाटे दिसलं नाही, कारण ते आठवडाभर आधीच दिलं गेलं होतं. तिकडं क्रिएटिव्ह आर्ट्स म्हणून वेगळा सोहळा असतो, दोन रात्रींचा, त्यात संकलन, ध्वनी, कॅमेरा, रंगभूषा, केशभूषा, स्टंट, सगळ्याची बक्षिसं देतात. २०२४ ला शोगुन या मालिकेला एका सीझनसाठी १८ एमी मिळाल्या, तो रेकॉर्ड आहे, त्यातल्या १४ त्या आधीच्या दोन रात्रींतल्या, म्हणजे बहुतेक पडद्यामागच्यांच्या. हे मला फार आवडलं आणि थोडं टोचलंही, की मोठ्या रात्री ही माणसं स्टेजवर दिसत नाहीत. तरी मूर्ती मात्र तीच मिळते, नटीला जी तीच साउंडवाल्याला. लहान साइज नाही. आणि टीममध्ये चारजण असतील तर चौघांना चार.

ती मूर्तीसुद्धा आमच्याच जातकुळीतली आहे. १९४८ ला एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीने डिझाइनं मागवली, ४७ नापास केली आणि मग लुई मॅकमॅनस नावाच्या टीव्ही इंजिनिअरचं पसंत केलं, त्याने मॉडेल म्हणून बायकोलाच उभं केलं होतं. पंख म्हणजे कला आणि हातातला अणू म्हणजे विज्ञान. नाव तर कॅमेऱ्यातल्या नळीवरून आलंय! इमेज ऑर्थिकॉन ट्यूब असायची जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात, तिला तंत्रज्ञ लाडानं इमी म्हणायचे, मूर्ती बाईची म्हणून त्याचं एमी झालं. जगातल्या एवढ्या मोठ्या बक्षिसाचं नाव एका स्पेअर पार्टवरून पडलंय हे मी सेटवर सांगितलं तर आमचे लाइटदादा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. २५ जानेवारी १९४९ ला पहिला सोहळा झाला, पाच डॉलर तिकीट, आणि पहिलं बक्षीस घेतलं ते शर्ली डिन्सडेलनं, बोलक्या बाहुलीचा खेळ करणारी वीस-बावीस वर्षांची पोरगी. तांत्रिक कामाचं बक्षीस त्या पहिल्या वर्षीपासून आहे.

तर ठरलं की २१ नोव्हेंबरला जागतिक टेलिव्हिजन दिन असतो त्या दिवशी आपण आपली बक्षिसं द्यायची, आपल्या वर्गणीतून. सांगलीला हे नवीन नाही, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर हे नाटक केलं, आणि त्यांच्या नावाचं गौरवपदक दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला इथंच देतात. त्या पदकाला जी इज्जत आहे तिच्यातली थोडी तरी आमच्या ट्रॉफीत यावी अशी इच्छा होती, म्हणून काचेचा चौकोन नको होता.

चार दुकानं फिरलो. तीन ठिकाणी कॅटलॉग पुढं सरकवला, नंबर सांगा म्हणाले. या काकांनी पहिलं विचारलं, "कुणाला द्यायच्यात?" मी सगळं सांगितलं, मोबाईलवर एमीचा फोटो दाखवला. हुबेहूब करायची नाही हे आमचं आधीच ठरलं होतं, ती त्यांची आहे, आणि काकांचंही तेच मत पडलं, "दुसऱ्याची मूर्ती कशाला, तुमच्याकडं सेटवर काय धरतात ते सांगा की." थर्माकोल, म्हटलं. उन्हातान्हात तो पांढरा थर्माकोल धरून नटाच्या चेहऱ्यावर उजेड फेकत उभा राहणारा माणूस. काकांनी तिथंच बिलबुकाच्या पाठीमागं रेघोट्या मारल्या, दोन्ही हात वर, डोक्यावर चौकोनी पत्रा, पाय थोडे फाकलेले, आणि आमचं डिझाइन झालं.

मूळ मूर्ती त्यांच्या ओळखीच्या एका गणपतीच्या कारागिराने मातीत केली, गणपती आणि दिवाळी उरकली होती त्यामुळं हात मोकळा होता. त्यावरनं साचा, साच्यात फायबर, वर जुन्या पितळेसारखं कोटिंग, हातातला पत्रा तेवढा खराखुरा ॲल्युमिनियमचा. साच्याचे ४,५०० वेगळे आणि प्रत्येक नगाचे १,१५०, असे १२ नग, ॲडव्हान्स निम्मा. स्वस्त नाही, हे स्पष्ट सांगतो. कपापेक्षा चौपट आहे.

पहिलं सॅम्पल आणलं ते दिसायला एक नंबर पण हातात घेतलं तर फुलासारखं हलकं, आणि माझं मन बसेना. एमी साडेपंधरा इंचाची आणि तीन किलोची असते, घेणाऱ्याचा हात खाली जातो. मी नुसतं "काका, वजन…" एवढंच म्हटलं, ते म्हणाले कळलं, आणि दोन दिवसांनी शिसवी रंगाच्या लाकडी बैठकीत आतून लोखंडी पट्टी बसवून दिली, खाली हिरवी फेल्ट लावली म्हणजे टीव्ही युनिटला ओरखडे नकोत. सव्वा किलो भरलं. या पट्टीचे जादा पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी दोनदा विचारलं.

नावाच्या पट्ट्यांचं सगळ्यात चांगलं केलं. आम्ही विजेते आधी सांगणार नव्हतो, मतदान त्याच दिवशी होतं, त्यामुळं नावं कोरून कशी देणार. एमीलासुद्धा स्टेजवर कोरी मूर्तीच देतात, नावाची पट्टी नंतर जेवणाच्या पार्टीत बसवतात. काकांच्या मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला मग आपणपण तसंच करू, आणि कार्यक्रमाच्या रात्री लेसर चालू ठेवून दुकानात थांबला, आमचा पोरगा बाईकवरनं यादी घेऊन गेला, पाऊण तासात १२ पट्ट्या कोरून आणल्या, सभागृहातच दोन-दोन स्क्रूनं बसवल्या.

आता जे चुकलं ते. १५ तारीख सांगितली होती, माल १९ ला मिळाला, ते चार दिवस फोन करून करून माझं डोकं फिरलं, कारण कोटिंगवाला गावाला गेला होता आणि हे त्यांनी आपणहून कळवलं नाही. एका मूर्तीच्या डाव्या मनगटाला बारीक चीर होती, ती बदलून दिली. आणि त्या रात्रीच्या पट्ट्यांत दोन नावं चुकली, मशीनच्या फॉन्टमध्ये जोडाक्षर फुटतं, एकाच्या आडनावातला 'ऱ्य' चक्क र आणि य असा वेगवेगळा आला. मराठी नाव कोरणार असाल तर कुठल्याही दुकानात जा, पण आधी प्रूफ व्हॉट्सॲपवर मागवा आणि मोठं करून बघा, इंग्रजीत स्पेलिंग तपासतो तेवढ्याच काळजीनं. आमच्याकडं त्या रात्री वेळ नव्हता. काकांना दुसऱ्या दिवशी दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला, "नावात चूक म्हंजे माणूस आयुष्यभर तेच बघतंय" म्हणाले आणि दोन्ही पट्ट्या समोर उभं राहून नव्या करून घेतल्या.

वेशभूषेची ट्रॉफी मावशींना आणि त्यांच्या हाताखालच्या पोरीला, दोघींना वेगवेगळी दिली. मावशींनी ती घेतली, वजनानं हात खाली गेला, आणि त्यांनी पदरानं आधी तिच्यावरचे बोटांचे डाग पुसले. बूमवाल्याच्या आईनं घरी देवघराशेजारी ठेवलीय.

साचा काकांकडंच ठेवलाय, पुढच्या वर्षी फक्त नगाचे पैसे. त्यांनी सांगितलंय की ऑर्डर गणपतीच्या आधी द्या, नंतर जानेवारीतल्या क्रिकेटच्या कपांची गर्दी सुरू होते. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी साडेदहा ते साडेआठ.