टमी टक केल्याला वर्ष होत आलं: लोक विचारतात ते, आणि विचारायला हवं ते

पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू पुन्हा जवळ आणण्याचं ऑपरेशन, म्हणजे टमी टक, करून घेतल्याला आता वर्ष होत आलं. मी समाधानी आहे. आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच ठरवेन. ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणी मला याबद्दल विचारतात. बहुतेकींचे प्रश्न ऑपरेशनच्या दिवसाबद्दल असतात: किती तास लागतात, दुखतं का, भूल कसली देतात. तो दिवस तर डॉक्टरांचा असतो, आपण झोपलेलो असतो. आपल्या वाट्याला येतात ते पुढचे महिने. म्हणून मी त्यांच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी माझं कारण. जुळ्यांच्या बाळंतपणानंतर वजन हळूहळू जागेवर आलं, पोट मात्र आलं नाही. पोटाच्या मधोमध उभ्या जाणाऱ्या दोन स्नायूंमध्ये फट पडली होती. गरोदरपणात ही फट बहुतेकींना पडते आणि अनेकींची बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आपोआप कमी होते. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त उरली तर तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं. मी आधी फिजिओथेरपी केली, मनापासून केली. पाठदुखी कमी झाली, उठणं-बसणं सोपं झालं, फटही थोडी भरली. पण ताणलेली कातडी कुठल्याच व्यायामाने आवळत नाही. ज्या अजून या टप्प्यावर आहेत त्यांना माझं सांगणं आहे की व्यायामाला पूर्ण संधी द्या. ऑपरेशन नाही झालं तरी पोटातलं बळ वाढलेलं राहतं, आणि ऑपरेशन झालंच तर नंतर सावरायला त्याचा मोठा उपयोग होतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न: किती किलो कमी झाले? माझ्या बाबतीत जेमतेम जाणवण्याइतके. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. उलट वजन काही महिने एका जागी टिकलेलं असलं तरच चांगला सर्जन हात लावतो. लायपोसक्शन वेगळं. त्यात त्वचेखालची चरबी नळीने ओढून घेतात, सैल कातडी किंवा स्नायूंची फट त्याने जात नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. पोटातली चरबी दोन ठिकाणी असते, त्वचेखाली आणि आत आतड्यांभोवती. आतल्या चरबीपर्यंत यातलं कुठलंच ऑपरेशन पोचत नाही. ज्यांचं पोट टणक आणि पुढे आलेलं आहे, चिमटीत फारसं सापडत नाही, त्यांना टमी टकने अपेक्षित फरक दिसणार नाही. तो वजन कमी करूनच दिसेल.

प्रत्यक्षात करतात काय, तर ओटीपोटाच्या खालच्या भागात एका बाजूच्या कमरेच्या हाडापासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद घेतात. त्वचा आणि चरबीचा थर वर फासळ्यांपर्यंत सोडवतात, स्नायूंवरचं मजबूत आवरण मधोमध शिवून घेतात, मग त्वचा खाली ओढून उरलेली कापून टाकतात. बेंबी आपलीच राहते, फक्त तिला बाहेर यायला नव्या जागी भोक करतात. बेंबीखालचे बाळंतपणाचे पट्टे कापलेल्या त्वचेबरोबर जातात, वरचे खाली सरकून तसेच राहतात. माझे निम्म्याहून जास्त गेले. उरलेत त्यांचं मला काही वाटत नाही.

सर्जन निवडताना मी घाई केली नाही. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत आजच नोंदणी केली तर सवलत देऊ असं सांगितलं, तिथून मी उठले. ऑपरेशनवर सवलतीची मुदत घालणाऱ्यांच्या हाती पोट द्यायचं नाही, याबाबत मी आजही ठाम आहे. दुसरीकडे डॉक्टरांनी तपासण्याआधी बराच वेळ फक्त विचारलं: हे कोणासाठी करायचंय, कधीपासून मनात आहे, आणखी मुलं हवीत का, घरी उचल-ठेव कोण करेल. हे प्रश्न खासगी वाटतात, पण ते विचारायलाच हवेत. काहींना आपल्या शरीरातला एखादा बारीकसा दोष दिवसरात्र छळतो. तो मानसिक आजार असतो आणि ऑपरेशनने शमत नाही, बहुधा दुसऱ्या दोषाकडे सरकतो. जबाबदार सर्जन अशा वेळी नाही म्हणतो. आपणही विचारावं: प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण कुठलं, अशी ऑपरेशनं किती केलीत, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का, काही बिघडलं तर त्याच इमारतीत अतिदक्षता विभाग आहे का, रात्री फोन कोण उचलेल. आणि फोटो मागायचेच झाले तर ऑपरेशननंतर वर्षाने काढलेले मागा. पहिल्या महिन्यातल्या फोटोंत सूज असते आणि व्रण अजून बदलायचा असतो.

खर्चाबद्दल एवढंच, की सर्जन, भूलतज्ज्ञ, हॉस्पिटल, तपासण्या, दाबाचा बेल्ट, औषधं आणि लागलीच तर पुन्हा करायची दुरुस्ती, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा सहसा देत नाही. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च देतो का, हेही आधीच विचारून ठेवा.

धोका किती, हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. तो मोठ्याने विचारा. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, ही या ऑपरेशनमधली सगळ्यात गंभीर भीती आहे, आणि सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये टमी टकला हा धोका जास्त असतो. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी पोटऱ्यांना आलटून-पालटून दाबणारं यंत्र लावतात, काहींना रक्त पातळ करणारं इंजेक्शन देतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोनची औषधं, घरात कोणाला गुठळीचा त्रास, हे सगळं डॉक्टरांना सांगा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं.

तंबाखूबद्दल तर मला हात जोडून सांगावंसं वाटतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्वचेचा मोठा थर सोडवल्यावर तिला रक्त आधीच कमी मिळत असतं, त्यात हे झालं तर छेदाजवळची त्वचा काळी पडून मरते. सिगारेट, व्हेप, चघळायची तंबाखू, निकोटिनच्या पट्ट्या, सगळं आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद. डॉक्टरांपासून लपवू नका, कारण फटका तुमच्याच कातडीला बसतो.

आता दुखण्याचं. दुखतं. त्वचेपेक्षा आत, जिथे स्नायूंचं आवरण शिवलंय तिथे. खोकला, शिंक, हसणं, सगळं पोटावर उशी दाबून. सरळ उभं राहायचं नाही, कमरेत वाकून चालायचं, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. झोपतानाही पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशा. पोटापेक्षा माझी कंबरच जास्त दुखली, आणि याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. दुसरं कुणी सांगत नाही ते म्हणजे शौचाचं. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो आणि जोर तर लावता येत नाही. त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

बाजूने निघालेल्या नळ्या, म्हणजे ड्रेन, मला वेदनेपेक्षा नकोशा वाटल्या. आत साचणारं पाणी त्यातून बाहेरच्या फुग्यात जमतं, ते मोजून लिहायचं. चोवीस तासांत साधारण 25 ते 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. काही सर्जन आतून जास्तीचे टाके घालून ड्रेन टाळतात, म्हणून तेही विचारून बघा.

ड्रेन निघाल्यावर माझ्या ओटीपोटात पुन्हा पाणी साचलं. हात ठेवला की आत लाट हलल्यासारखं व्हायचं. या ऑपरेशनची ही सगळ्यात नेहमीची गुंतागुंत. डॉक्टरांनी सुईने पाणी ओढून काढलं. जागा बधीर असल्यामुळे काही कळलंही नाही. पुन्हा साचलं, पुन्हा काढलं, मग थांबलं. त्या काळात मी घाबरले होते. आधी नीट समजावून सांगितलेलं होतं म्हणूनच निभावले.

बेल्ट साधारण दीड महिना, डॉक्टर सांगतील तसा. तेवढाच काळ चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मुलं लहान असतील तर हा नियम सगळ्यात अवघड. आमच्या जुळ्यांना आम्ही आधीपासूनच सोफ्यावर चढून मिठी मारायची सवय लावली होती. आई राहायला आली होती आणि माझ्या नवऱ्याने घरचं सगळं अंगावर घेतलं. घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर मदतीची सोय झाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

मनाचंही लिहिते. काही आठवड्यांनी, भेटायला येणारी माणसं कमी झाल्यावर, मला फार उदास वाटायला लागलं. पोट सुजलेलं, व्रण लाल, अंगात त्राण नाही, आणि हे आपणहून ओढवून घेतलं असं सारखं वाटायचं. असं वाटणं बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेकदा शरीर सावरेल तसं ओसरतं. जास्त दिवस राहिलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

सूज उतरायला लोकांना वाटतं त्यापेक्षा फार वेळ लागतो. सकाळी सपाट, संध्याकाळी तट्ट. तीन महिन्यांत बरीचशी गेली, पण दमणूक झाली की पुढेही कित्येक महिने यायची. बेंबीखालची जागा अजून अर्धवट बधीर आहे. ही संवेदना बहुतेकींची वर्षभरात बरीच परतते, काहींची थोडी कायमची जाते. एक इशारा: बधीर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही आणि त्वचा भाजते.

व्रण दिसतो का? दिसतो. अंतर्वस्त्राखाली झाकला जातो, पण आहे, आणि लांब आहे. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास तो जास्त लाल आणि उंच दिसतो, तेव्हा खचून जाऊ नका. पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. मी सिलिकॉनच्या पट्ट्या चिकाटीने लावल्या आणि तो भाग उन्हापासून जपला. पूर्वी कुठल्या जखमेवर गाठीसारखा जाड व्रण आला असेल तर ते पहिल्याच भेटीत दाखवा. सावळ्या त्वचेत ही प्रवृत्ती जास्त असते.

टिकतं का, याचं उत्तर वजनावर आहे. काढलेली कातडी परत येत नाही, पण वजन वाढलं तर उरलेली ताणली जाते. नंतर गरोदर राहता येतं, फक्त शिवलेलं आवरण पुन्हा सैल होऊ शकतं. म्हणून मुलांचं ठरल्यावरच करावं.

याच निमित्ताने इतर शस्त्रक्रियांचेही प्रश्न येतात. मी वाचलंय, डॉक्टरांना विचारलंय, तेवढंच सांगते. नाकाचा अंतिम आकार दिसायला वर्षभर लागतं. बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्यांवरचं इंजेक्शन, ही शस्त्रक्रियाच नाही, त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. स्तनांतले इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतात, पुढे कधीतरी बदलावे किंवा काढावे लागतील हे धरून चालायचं. नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेत चरबी मोठ्या शिरेत जाऊन मृत्यू झाले आहेत, आणि सर्जनांच्या संघटनांनी 2018 मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. तिथे सर्जन चरबी स्नायूत घालतो की फक्त त्वचेखाली, हा प्रश्न जिवाचा आहे.

गरज नसताना हे चोचले कशाला, असंही काही जणी म्हणतात. त्यांचा राग येत नाही. पण वाकल्यावर पोटाची घडी हाताने सावरणं, तिच्याखाली सतत होणारं पुरळ, बसल्या जागेवरून उठताना मधोमध येणारा फुगवटा, हे सगळं रोज माझ्या अंगावर होतं. आता नाही. मी मुलांबरोबर धावते आणि धावताना पोटाचा विचार येत नाही, एवढंच मला हवं होतं.

उजव्या टोकाला व्रण संपतो तिथे कातडीचा एक लहान उंचवटा राहिला आहे. डॉक्टर म्हणतात, जागेवर भूल देऊन सहज काढता येईल, पण व्रण पक्का होईपर्यंत थांबूया. उंचवटा कपड्यातून दिसत नाही, टोचतही नाही. पुढच्या तपासणीला तो तसाच असेल तर काढायचा की नाही ते तेव्हा बघेन.